एका स्पॅनिश गाण्याचा नववा क्रमांक : लोकप्रियतेची यादी नेमके काय मोजते?

कोलंबियाची गायिका शकीरा आणि अर्जेंटिनाचा निर्माता बिझारॅप यांचे 'बिझारॅप म्युझिक सेशन्स, व्हॉल्यूम ५३' हे स्पॅनिश भाषेतले इलेक्ट्रोपॉप गाणे ११ जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झाले. २८ जानेवारी २०२३ तारखेच्या अमेरिकन 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत ते थेट नवव्या क्रमांकावर आले. स्पॅनिश गाणे घेऊन एखाद्या गायिकेने या यादीच्या पहिल्या दहांत थेट प्रवेश करण्याची ही पहिलीच वेळ होती. 'बिलबोर्ड ग्लोबल २००' या जागतिक यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

इतकी माहिती कुठेही मिळेल. या टिपणात आपल्याला पुढचा प्रश्न विचारायचा आहे : हा नववा क्रमांक कशाचा आहे? गाण्याचा, त्यामागच्या कहाणीचा, की मोजणाऱ्या यंत्राचा? मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मोजमाप शिकवतो. तिथला पहिला धडा असा, की वाचन लिहून घेण्याआधी उपकरण तपासावे. इतिहास वाचतानाही हा धडा उपयोगी पडतो. संगीताची आवड नसली तरी चालेल. बेरीज, भागाकार आणि थोडा संशय एवढी सामग्री पुरे.

१. गाणे आणि त्यामागची गोष्ट

शकीरा आणि बार्सिलोनाचा फुटबॉलपटू जेरार्ड पिके वेगळे होत असल्याचे जून २०२२ मध्ये जाहीर झाले. 'व्हॉल्यूम ५३' हे त्या विभक्तीवरचे उघड उत्तर आहे. लॅटिन अमेरिकेत अशा टोमण्याच्या गाण्यांना 'तिरादेरा' म्हणतात. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूने सवाल टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने भर सभेत जवाब द्यायचा, त्याचीच ही दूरची नातेवाईक. फरक एवढाच, की इथे समोरचा पक्ष फडात उभा नव्हता.

गाण्याचे लेखन चौघांच्या नावावर आहे : शकीरा, बिझारॅप, कोलंबियन गीतकार केव्हिन क्रूझ (टोपणनाव 'केइतिन') आणि सान्तियागो अल्वारादो. संगीताची बांधणी साधी आहे. सिंथेसायझरचे आवर्ती सूर, ड्रम मशीनचा एकसारखा ठोका आणि खालच्या पट्टीतला बास, या तिन्हींच्या वर आवाज अगदी पुढे ठेवला आहे. शब्द ऐकू यावेत हाच हेतू, कारण सगळा मारा शब्दांत आहे. तुलनेसाठी गाण्यात दोन मोटारी आणि दोन घड्याळे येतात, एक महाग आणि एक स्वस्त : फेरारी आणि ट्विंगो, रोलेक्स आणि कॅसिओ. 'शिंतोडे उडवणे' या अर्थाच्या 'सालपिकार' या क्रियापदाचे एक रूप असे उच्चारले आहे की त्यातून पिकेचे आडनाव वेगळे ऐकू येते. 'बिल काढणे, कमाई करणे' या अर्थाचे 'फाक्तुरार' हे हिशेबाच्या वहीतले क्रियापदही या गाण्यामुळे चर्चेत आले.

हे श्लेष इंग्रजीत नेता येत नाहीत. 'सालपिकार'चे भाषांतर केले की आडनाव गळून पडते. म्हणजे हे गाणे ज्या भाषेत लिहिले गेले तिथेच पूर्ण चालते. हा मुद्दा लक्षात ठेवा. तो तिसऱ्या भागात पुन्हा लागेल.

२. निर्माता आणि त्याची मालिका

बिझारॅपचे खरे नाव गोन्सालो हुलियान कोंदे. जन्म १९९८चा, गाव ब्युनोस आयर्स प्रांतातले रामोस मेहिया. त्याच्या किशोरवयात ब्युनोस आयर्सच्या पार्के रिवादाविया या बागेत 'एल किन्तो एस्कालोन' नावाच्या रॅप-जुगलबंद्या भरत. तरुण पोरे समोरासमोर उभी राहून उत्स्फूर्त ओळी रचत आणि भोवतीची गर्दी निकाल देई. या जुगलबंद्यांच्या चित्रफिती संकलित करून, त्यांत गमतीचे तुकडे जोडून बिझारॅप आधी यूट्यूबवर माहीत झाला.

२०१८ मध्ये त्याने 'म्युझिक सेशन्स' सुरू केली. पद्धत ठरलेली : एक छोटा स्टुडिओ, मायक्रोफोनसमोर एक पाहुणा कलाकार, मागे टोपी आणि काळा चष्मा घातलेला निर्माता, आणि गाण्याच्या नावाच्या जागी क्रमांक. क्रमांक देण्याची ही युक्ती वाटते तितकी किरकोळ नाही. क्रमांकामुळे श्रोता एका गाण्याचा न राहता मालिकेचा होतो. बावन्नावा भाग ऐकलेला माणूस त्रेपन्नाव्याची वाट पाहतो, मग पाहुणा कोणीही असो. जुलै २०२२ मधल्या बावन्नाव्या भागात क्वेवेदो हा स्पेनचा अगदी तरुण गायक होता. त्याचे नाव तोवर स्पेनबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते. ते गाणे स्पॉटिफायच्या जागतिक यादीत पहिले आले.

म्हणजे शकीरा या मालिकेत आली तेव्हा रस्ता आधीच बांधलेला होता. सेहेचाळीस वर्षांच्या उंबरठ्याकडे निघालेली जगप्रसिद्ध गायिका आणि तिच्यापेक्षा एकवीस वर्षांनी लहान निर्माता यांच्या या भेटीत कोणी कोणाला मोठे केले, याचे उत्तर एका बाजूने देता येत नाही.

३. दोनदा गायलेली गाणी

आता थोडे मागे जाऊ. शकीराचा जन्म १९७७चा, गाव कोलंबियातले बारांकिया. १९९०च्या दशकात ती स्पॅनिश जगात मोठी झाली. अमेरिकन बाजारात शिरण्यासाठी मात्र तिला इंग्रजीत यावे लागले. २००१ मध्ये तिचे एकच गाणे दोन भाषांत आले : इंग्रजीत 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' आणि स्पॅनिशमध्ये 'सुएर्ते'. इंग्रजी रूप हॉट १०० मध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. २००९ मध्ये तेच पुन्हा घडले. 'शी वुल्फ' आणि 'लोबा' ही एकाच इलेक्ट्रोपॉप चालीची दोन रूपे, आणि इंग्रजी रूप अकराव्या क्रमांकापर्यंत. 'व्हॉल्यूम ५३' मध्ये तिने स्वतःला पुन्हा लांडगीण म्हटले आहे, ते या जुन्या गाण्याची आठवण देऊन.

या दोहोंच्या मध्ये एक महत्त्वाची नोंद आहे. २००५ मध्ये तिने आलेहान्द्रो सान्स या स्पॅनिश गायकाबरोबर 'ला तोर्तुरा' स्पॅनिशमध्ये गायले. बिलबोर्डच्या लॅटिन गाण्यांच्या यादीत ते २५ आठवडे पहिले होते. सर्वसाधारण हॉट १०० मध्ये ते २३व्या क्रमांकापुढे सरकले नाही.

इतरांचा अनुभवही असाच. १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्सचे 'ला बांबा' प्रसिद्ध झाले. ते २२व्या क्रमांकावर थांबले. १९८७ मध्ये लॉस लोबोस या गटाने तेच लोकगीत एका चित्रपटासाठी गायले आणि ते तीन आठवडे पहिले राहिले. १९९६ मध्ये 'माकारेना' चौदा आठवडे पहिले होते, पण इंग्रजी कडवी जोडलेल्या रूपात. २०१७ मध्ये 'देस्पासितो' सोळा आठवडे पहिले होते, तेही जस्टिन बीबरने इंग्रजीची भर घातलेल्या रूपाच्या बळावर. दार उघडायचे तर इंग्रजीची किल्ली हवी, असा रिवाज होता. 'व्हॉल्यूम ५३' साठी इंग्रजी रूप काढले गेले नाही, आणि श्लेषांचा विचार करता ते शक्यही नव्हते.

मग २००५चा तेविसावा क्रमांक २०२३ मध्ये नववा कसा झाला? गायिका तीच आणि भाषाही तीच. घाईने 'स्पॅनिशचे दिवस आले' असे म्हणण्याआधी यंत्र उघडून पाहू.

४. यादी नावाचे यंत्र

हॉट १०० ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली. पहिली तीसेक वर्षे तिची सामग्री म्हणजे दुकानदारांनी सांगितलेली विक्री आणि रेडिओ केंद्रांनी कळवलेल्या गाण्यांच्या याद्या. दुकानदार जे सांगेल ते खरे. त्याच्या आवडीनिवडी, त्याच्या दुकानाचा मोहल्ला आणि कंपन्यांचे प्रतिनिधी, या सगळ्यांचा रंग त्या आकड्यांना लागत असे.

१९९१ मध्ये बिलबोर्डने 'साउंडस्कॅन' स्वीकारले. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद आपोआप होऊ लागली. त्या वर्षी आल्बमच्या यादीत रॅप आणि कंट्री या प्रकारांची मंडळी एकदम वर दिसू लागली. श्रोते एका आठवड्यात बदलले नव्हते. ते आधीही होते, फक्त जुन्या यंत्राला ते कमी दिसत होते.

पुढे फेब्रुवारी २००५ पासून पैसे देऊन उतरवून घेतलेली गाणी हॉट १०० मध्ये मोजली जाऊ लागली, आणि फेब्रुवारी २०१३ पासून यूट्यूबवरचे ऐकणे-पाहणेही. सप्टेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल २००' ही जागतिक यादी सुरू झाली.

'ला तोर्तुरा'च्या काळात रेडिओचे वजन मोठे होते. अमेरिकेतली रेडिओ केंद्रे भाषेनुसार विभागलेली. स्पॅनिश केंद्र स्पॅनिश वाजवी, इंग्रजी केंद्र इंग्रजी. घरात स्पॅनिश बोलणारे चार कोटी लोक ज्या देशात आहेत, त्यांचे ऐकणे सर्वसाधारण यादीत पुरते उतरत नव्हते. स्ट्रीमिंगच्या मोजणीत मधला कार्यक्रम-संचालक नाहीसा झाला. टेक्सासमधल्या एखाद्या घरात मोबाइलवर लावलेले स्पॅनिश गाणे आणि शेजारच्या घरातले इंग्रजी गाणे एकाच खात्यात पडू लागले. परिणाम लवकर दिसला : डिसेंबर २०२० मध्ये पोर्तो रिकोच्या बॅड बनीचा आल्बम बिलबोर्डच्या आल्बम यादीत पहिला आला, आणि संपूर्ण स्पॅनिश आल्बमने ते स्थान मिळवण्याची ती पहिली वेळ ठरली.

५. आकडे हातात घेऊन

आता 'व्हॉल्यूम ५३'चे आकडे पाहू. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नोंदींनुसार, यूट्यूबवर पहिल्या २४ तासांत चित्रफीत ६ कोटी ३० लाख वेळा पाहिली गेली आणि सुमारे ७० तासांत १० कोटींचा टप्पा ओलांडला. स्पॉटिफायवर २४ तासांत १,४३,९३,३२४ वेळा आणि एका आठवड्यात ८,०६,४६,९६२ वेळा गाणे ऐकले गेले. चारही आकडे लॅटिन गाण्यांसाठी विक्रम होते.

विक्रम बाजूला ठेवून भागाकार करा. यूट्यूबवर पहिल्या २४ तासांत ताशी सरासरी २६ लाख. पुढचे ३ कोटी ७० लाख सुमारे ४६ तासांत, म्हणजे ताशी सुमारे ८ लाख. वेग एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. स्पॉटिफायवर आठवड्याची रोजची सरासरी काढली तर १ कोटी १५ लाख येते. सर्वोच्च दिवसाच्या तुलनेत ती ८० टक्के आहे. इथे घसरण हळू आहे.

दोन वक्र वेगळे का? माझे अनुमान असे : चित्रफीत पाहणाऱ्यांत 'ती काय बोलली ते एकदा बघू' म्हणून आलेले पुष्कळ होते. एकदा पाहिले, कुतूहल शमले, निघाले. केवळ ध्वनी ऐकणाऱ्यांत तेच गाणे पुन्हा लावणारे अधिक होते. पहिला वक्र बातमीचा, दुसरा सवयीचा. दोन्ही ठिकाणची मोजणी, श्रोतावर्ग आणि कालखंड सारखे नाहीत, त्यामुळे हा पुरावा भक्कम नाही. पण 'नुसत्या भांडणामुळे चालले' या विधानाला तो अडवतो.

वाराचीही गंमत पाहा. २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे, आणि हॉट १०० साठी स्ट्रीमिंगची मोजणीही शुक्रवार ते गुरुवार चालते. 'व्हॉल्यूम ५३' बुधवारी आले. पूर्ण सात दिवसांची मोजणी त्याला पुढच्या आठवड्यातच मिळाली. पहिल्या धडाक्याचा मोठा भाग तोवर उडून गेला होता. त्याच आठवड्यात माइली सायरसचे 'फ्लॉवर्स' आले, तेही विभक्तीनंतरचे गाणे, आणि २८ जानेवारीच्या यादीत ते पहिले होते.

६. मग श्रेय कोणाचे?

प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इतिहासात तशी सोय नसते. तरी जवळपासची उदाहरणे शेजारी ठेवून पाहता येते.

पहिले उदाहरण : ऑक्टोबर २०२२ मध्ये शकीराने ओसुना या गायकाबरोबर 'मोनोतोनिया' हे गाणे काढले. गायिका तीच, भाषा तीच, विषयही तीच विभक्ती, फक्त मालिका नाही, आणि सूर टोमण्याचा नसून दुःखाचा. हॉट १०० च्या पहिल्या दहांत ते आले नाही. म्हणजे कहाणी एकटी पुरली नाही.

दुसरे : मालिकेचा बावन्नावा भाग. निर्माता तोच, मालिका तीच, मागे कुठलेही प्रसिद्ध भांडण नाही. स्पॉटिफायच्या जागतिक यादीत पहिला, पण हॉट १०० च्या पहिल्या दहांत नाही. म्हणजे मालिका एकटीही अमेरिकेपुरती पुरली नाही.

तिसरे : 'ला तोर्तुरा'. गायिका आणि भाषा तीच, लोकप्रियताही मोठी, पण मोजणी जुनी. तेविसावा क्रमांक.

तिन्ही मिळून एवढे म्हणता येते : प्रसिद्ध गायिका, सर्वांना ठाऊक असलेली कहाणी, तयार मालिका आणि भाषेची भिंत नसलेली मोजणी, हे चारही घटक जानेवारी २०२३ मध्ये एकत्र आले. त्यांपैकी मोजणीचा बदल बातम्यांत सर्वांत कमी आला, कारण यंत्रावर बातमी होत नाही.

गाणे मात्र त्या आठवड्यापुरते राहिले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेव्हिल शहरात झालेल्या लॅटिन ग्रॅमी सोहळ्यात त्याला 'वर्षातील सर्वोत्तम गीत' आणि 'सर्वोत्तम पॉप गीत' हे पुरस्कार मिळाले. मार्च २०२४ मध्ये ते शकीराच्या 'लास मुहेरेस या नो योरान' ('स्त्रिया आता रडत नाहीत') या आल्बममध्ये आले, आणि २०२५ मध्ये त्या आल्बमला ग्रॅमी मिळाले.

७. वजनाचा प्रश्न

आता यंत्राचा दुसरा भाग. सगळे ऐकणे सारखे मोजले जाते असे समजू नका. २०१८ मध्ये हॉट १०० साठी वजने ठरली : पैसे भरून घेतलेल्या सेवेवर ऐकले तर १ गुण, जाहिराती ऐकून फुकट ऐकले तर २/३ गुण, आणि रेडिओसारख्या आपोआप वाजणाऱ्या सेवेवर १/२ गुण. म्हणजे त्या वजनांनी ३ लाख वेळा फुकट ऐकलेले गाणे आणि २ लाख वेळा पैसे भरून ऐकलेले गाणे यादीत शेजारी बसत. जागतिक यादीतही पैसे भरून ऐकलेल्याला अधिक वजन आहे.

यामागे एक विचार आहे. पैसे भरणारा श्रोता कलाकाराला अधिक मिळवून देतो आणि कृत्रिमपणे आकडे फुगवणे त्याच्या बाबतीत महाग पडते. यादी व्यापाराच्या मासिकाची आहे, ती व्यापार मोजणार. पण आपण तिला 'जगाची आवड' म्हणून वाचतो, तिथे घोटाळा होतो.

मराठीपुरते सांगायचे तर २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. ही संख्या लहान नाही. पण स्पॅनिशचे सुमारे ५० कोटी मातृभाषिक वीसेक देशांत पसरलेले आहेत, आणि त्यांतले कोट्यवधी अमेरिकेसारख्या पैसे भरून ऐकणाऱ्या बाजारात आहेत. आपल्याकडे मोबाइलवर जाहिरातींसह फुकट ऐकणे हीच नेहमीची सवय. नांदेडमध्ये एखाद्या मुलाने फुकट लावलेले गाणे आणि न्यू यॉर्कमध्ये वर्गणीदाराने लावलेले गाणे यांचे वजन जागतिक यादीत सारखे नसते. म्हणून 'स्पॅनिशला जमले, आपल्या भाषांना का नाही?' हा प्रश्न ऐकला की लगेच भाषेला किंवा गायकाला दोष देऊ नका. आधी विचारा, मोजणी कोणी, कुठे आणि कोणत्या वजनाने केली.

याचा अर्थ यादी खोटी आहे असा नाही. तापमापी खोटा नसतो; तो जिथे ठेवला आहे तिथले तापमान सांगतो. १९९१ पूर्वी रॅप ऐकणारे होते आणि २००५ मध्ये स्पॅनिश ऐकणारेही होते. आज ज्यांचे ऐकणे यादीत अंधुक उमटते, तेही आहेतच. नवव्या क्रमांकाचा हा इतिहास त्यांची आठवण ठेवून वाचावा.

स्वाध्याय

१. एका गाण्याचे ६ लाख फुकट आणि १ लाख पैसे भरून केलेले श्रवण आहे. दुसऱ्याचे ४ लाख ५० हजार श्रवण, सगळे पैसे भरून. २०१८ च्या वजनांनी गुण काढा. एकूण श्रवण आणि गुण यांचा क्रम सारखा येतो का?

२. यूट्यूबचा ताशी वेग पहिल्या दिवसानंतर घटला, याला कुतूहलाखेरीज आणखी कोणती कारणे असू शकतील? प्रत्येक कारण तपासायला कोणता आकडा लागेल ते लिहा.

३. तुमच्या भाषेतले एखादे गाजलेले गाणे घ्या. ते गाजले हे तुम्हाला कशावरून कळले : लग्नातल्या बँडवरून, रिक्षातल्या स्पीकरवरून, की यादीवरून? यांपैकी कोणते श्रवण कुठल्याही यादीत मोजले गेले असेल?